हवेची टाकी

१९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तेव्हापासून आपल्या लेखनात मोहल्ला आला, मदरसा आला, तलाक आला, हुंडा आला, दंगल तर येतच राहिली. पंक्चरचं दुकान आणि गॅरेज मात्र फारसं आलं नाही. याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. सच्चर समितीनं २००६ साली जो अहवाल दिला, त्यात मुसलमान कामगार मोटारदुरुस्तीसारख्या धंद्यांत जास्त संख्येनं असल्याची नोंद आहे. नोंद करायला समिती कशाला हवी? कोणत्याही महामार्गावर दहा कोस जा, दिसेल. पण लिहिणारे आम्ही बहुतेक मास्तर, कारकून, वकील. ज्या शेडखाली बापानं आयुष्य काढलं, तिच्याकडे आम्ही पाठ करून बसलो. आणि आता तर 'पंक्चरवाला' हा शब्द आपल्याला शिवीसारखा ऐकवला जातो.

माझे अब्बा पंक्चरवाले होते. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात जाम चौरस्ता आहे. नागपूरहून हिंगणघाटकडे जाणारा मोठा रस्ता आणि वरोरा-चंद्रपूरकडे फुटणारा रस्ता तिथं मिळतात. तिथं अब्बांचं टिनाचं दुकान होतं. मोठ्या रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणतात. तेव्हा तो सात नंबर होता, वाराणसीहून निघून थेट कन्याकुमारीला जाणारा. त्यामुळं पंजाबी, मद्रासी, आंध्रवाले, सगळ्या मुलखाचे ड्रायव्हर आमच्या बाजेवर बसून चहा पीत. हिंगणघाटच्या जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी, चंद्रपूर-वणीकडचा कोळसा, नागपूरची संत्री, सगळं आमच्या दारावरून जाई. अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सही मात्र मोठ्या ऐटीत करीत.

या धंद्यात हवेला स्वतःची भाषा आहे. ड्रायव्हर सकाळी इंजिन सुरू करतो आणि गाडी काढत नाही, बिडी ओढत बसतो. क्लीनर विचारतो, "हवा बनी क्या?" म्हणजे ब्रेकच्या टाक्यांत दाब तयार झाला का? हवा बनते, हवा उतरते, हवा खाते, हवा पकडते. ट्रकचा ब्रेक पायाच्या जोरावर लागत नाही, टाकीत कोंडलेल्या हवेच्या जोरावर लागतो. ही कल्पना अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउसची. त्यानं १८६९ मध्ये ती रेल्वेसाठी आणली आणि तीन वर्षांनी सुधारली. पाइप फुटून हवा निघून गेली तर ब्रेक सुटू नये, उलट आपोआप लागावा, अशी ती सुधारणा होती. आजच्या ट्रकच्या मागच्या चाकांत जबर स्प्रिंग असते. हवा तिला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि चाक जखडतं. अब्बांना वेस्टिंगहाउस माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण हे सगळं त्यांना पाठ होतं. नव्या पोरांना ते सांगत, "गाडी पेट्रोल-डिझेल से चलती है, रुकती हवा से है."

दुकानातल्या हवेच्या टाकीचा विषय मात्र वेगळा. ट्रकच्या टाक्या कंपनीतून येतात, पारखलेल्या असतात. पंक्चरच्या दुकानातली टाकी त्या काळी बहुधा घरचीच असायची. नवा कॉम्प्रेसर टाकीसकट घेण्याची ऐपत कोणाची? जुन्या ट्रकचा किंवा कुठल्या कारखान्याचा टाकलेला पंप मिळे, त्याला मोटर नाहीतर डिझेल इंजिन जोडत आणि टाकी लोहाराकडून, वेल्डरकडून करून घेत. कोणी जाड पाइप कापून दोन्ही टोकांना पत्रा ठोके, कोणी तेलाचा ड्रम वापरे. फ्रीजच्या गॅसचं पातळ नळकांडं वापरणारेही पाहिले. घरगुती गॅसचं सिलिंडर कापून-जोडून टाकी करणारे महाभाग तर अजून आहेत. त्यात उरलेल्या गॅसवर वेल्डिंगची ठिणगी पडली की टाकी तयार होण्याआधीच सगळा निकाल लागतो.

१९८३ साली शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गावात अब्बांच्या ओळखीच्या माणसाच्या दुकानात अशीच टाकी फुटली. पाइपाची टाकी, दोन्ही बाजूंना सपाट पत्रा. मधलं अंग जसंच्या तसं राहिलं, एका बाजूचं झाकण वेल्डिंगवरून सुटलं आणि समोर टायर खोलत बसलेल्या पोराला लागलं. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. झाकण पुढं जाऊन समोरच्या बाभळीत रुतलं होतं म्हणतात. अब्बा मयतीला गेले. परत आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. दुकानातली आमची टाकी १९७९ साली त्यांनी स्वतः केलेली होती. चंद्रपूरकडच्या भंगारातून आणलेला सोळा इंची, आठ मिलिमीटर जाडीचा पाइप. तिचे दोन्ही शेवट मात्र सपाट नव्हते, कढईसारखे बाहेर फुगलेले होते. नागपूरच्या कबाड्याकडं शोधून शोधून त्यांनी त्या 'डिश' मिळवल्या होत्या. तरीही मयतीहून आल्यावर त्यांनी तिसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरचा पट्टा उतरवला आणि हिंगणघाटला आपल्या मामूंकडे गेले.

हे मामू कापडगिरणीत बॉयलरवर होते. बॉयलरला कायदा होता, १९२३ पासूनचा. त्याचा इन्स्पेक्टर यायचा, बॉयलर थंड करून त्यात काठोकाठ पाणी भरायला लावायचा, हातपंपानं पाण्याचा दाब चढवायचा आणि प्रत्येक रिबिटीवर बॅटरी मारून पाहायचा. गिरणीतले लोक त्याला 'पाणी पाजणं' म्हणत. अब्बांनी मामूंना विचारलं, वाफेच्या टाकीला पाणी पाजता, तर हवेच्या टाकीला का नाही? मामूंनी गिरणीतल्या फिटरकडून एक मोडका हातपंप मिळवून दिला. त्याला नवा चामड्याचा वायसर घातला आणि जाम चौरस्त्यावर पहिल्यांदा हवेच्या टाकीला पाणी पाजलं गेलं. मे महिना होता. वर्धेचा मे महिना ज्यानं भोगला नाही त्याला पुढची गंमत कळायची नाही. विहीर आटलेली, टँकरची वाट पाहणं चाललेलं, आणि अब्बा घागरीमागून घागरी टाकीत ओतताहेत. अम्मी दारातून म्हणाली, "आदमी को पीने को नहीं, और ये लोहे को पिला रहे!" अब्बांनी तेच पाणी नंतर बादल्यांत काढून रबराच्या ट्यूब बुडवायच्या हौदात टाकलं, तेव्हा ती गप्प झाली.

पुढं मी मास्तर झालो, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा अब्बांच्या या उद्योगामागचं गणित मला मांडता आलं. वर्गात मी ते मुलांना घालीत असे, कारण जामच्या आसपासच्या निम्म्या पोरांचं कोणी ना कोणी रस्त्यावर पोट भरत होतं. इथंही मांडतो. कंटाळा येईल त्यानं दोन परिच्छेद सोडून पुढं जावं.

दुकानात काट्यावर 'आठ किलो' म्हणतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला आठ किलोचा रेटा. पाउंडात बोलाल तर एकशे चौदा. आता तीस सेंटिमीटर व्यासाची टाकी घ्या. तिच्या झाकणाचं क्षेत्रफळ सातशे सात चौरस सेंटिमीटर. आठानं गुणा. साडेपाच टनांहून जास्त. एवढा जोर एकेका झाकणावर आतून सतत लागलेला असतो, रात्री दुकान बंद असलं तरी. टाकीच्या गोल अंगाला याचं फारसं वाटत नाही. गोलाई तो रेटा सगळीकडं वाटून घेते. पण सपाट पत्रा हा रेटा वाकून सोसायला बघतो आणि सगळा ताण कडेला, नेमका वेल्डिंगवर आणून सोडतो. पाच मिलिमीटरचा पत्रा असेल तर हिशेबानं त्याच्या कडेला येणारा ताण साध्या लोखंडाच्या सोसण्याच्या दुप्पट भरतो. त्याच पत्र्याच्या गोल अंगावर मात्र याच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतका. म्हणून टाकी फुटते ती पोटात नाही, झाकणाला फुटते. कढईसारखा फुगीर शेवट असला की तोही गोलाईनं रेटा वाटून घेतो. अब्बांनी डिशसाठी नागपूर का पालथं घातलं, ते हे.

आणि पाणीच का? शंभर लिटरच्या टाकीत आठ किलोची हवा भरली की बाहेरची सुमारे नऊशे लिटर हवा आत कोंबलेली असते. ती एकदम सुटली तर तिच्यातला जोर दहा टनांचा ट्रक एक मीटर वर उचलेल इतका असतो. पाणी दबतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याच टाकीत काठोकाठ पाणी असेल आणि बारा किलोपर्यंत दाब नेला, तर जादा पाणी किती जातं? चहाचा अर्धा कप. त्यामुळं पाण्यानं टाकी फाटली तर एक चिरकांडी उडते, काटा शून्यावर येतो आणि माणूस ओला होतो, बस. शर्त एकच, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. वरचं भोक उघडं ठेवून पाणी वाहू द्यायचं, मग बूच लावायचं. चालवायच्या दाबाच्या दीडपट चढवायचं, अर्धा तास थांबायचं, काटा उतरतो का पाहायचं, आणि आधी-नंतर टाकीच्या पोटाला टेप लावून ती फुगून तशीच राहिली नाही ना हे बघायचं. उलट, "नवी टाकी आहे, जरा हवेनंच जास्त भरून बघू" असं म्हणणारा माणूस बाँबजवळ कान लावून तो चालू आहे का ऐकत असतो.

अब्बांचे बाकीचे नियमही होते. टाकीच्या झाकणासमोर बसायचं नाही, झोपायचं तर मुळीच नाही. हवा असताना टाकीला वेल्डिंगचा रॉड लावायचा नाही, साधी कडी जोडायची असली तरी. संध्याकाळी दुकान बंद करताना खालचा कॉक उघडून पाणी काढायचं. हवेतली वाफ टाकीत निवते आणि तळाला साचते. पावसाळ्यात आमच्या टाकीतून रोज तांब्याभर तांबूस पाणी निघे. ते तसंच राहिलं तर लोखंड आतून खातं आणि बाहेरून रंग चकचकीत दिसत राहतो. आणि सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. पोरांना त्याचा फुस्स आवाज आवडत नाही, हवा वाया जाते असं वाटतं, म्हणून ती पान्यानं त्याला आवळतात. एकदा एका कामगारानं तर व्हॉल्व्ह काढून तिथं बोल्टच ठोकला. विचारल्यावर म्हणाला, "अल्लाह मालिक है, उस्ताद." उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायची, ती हदीस अब्बा मशिदीत ऐकून आले होते. ते म्हणाले, "उंट का रस्सा यही है. लगा वापस."

बगदादच्या बनू मूसा बंधूंची आठवण आपल्या सभांत वक्ते नेहमी काढतात. नवव्या शतकात त्या तिघा भावांनी 'किताब अल-हियल' लिहिलं, त्यात पाण्या-हवेच्या दाबावर चालणारी शंभरेक यंत्रं आहेत, झडपा आहेत. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण अकराशे वर्षांपूर्वीच्या झडपेवर टाळ्या वाजवणारे आम्ही, वाटेत गाडीत हवा भरून घेताना त्या पोराकडे मान वर करून पाहत नाही. हे मला खटकतं.

दुसरी गोष्ट वर्धेची. १९३४ साली याच वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पांनी मगनवाडीत बसून घाणी, हातकागद, मधमाश्या, कशाकशाचा विचार केला. मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी १९३८ साली केलं. मी शाळेच्या सहली तिथं कितीदा नेल्या आहेत. कारागीर हा या जिल्ह्याच्या विचाराचाच विषय. पण रस्त्याकडेच्या वेल्डरला कोणी ग्रामोद्योगी म्हटलं नाही आणि कारखान्याचा कामगारही म्हटलं नाही. १९४८च्या कारखाने कायद्यात दाबाखालच्या टाक्यांसाठी कलम ३१ होतं. पण कारखाना म्हणायला विजेवर चालणाऱ्या कामात किमान दहा माणसं लागत. आमच्याकडे तिघं होते. मरायला मात्र एक टाकी पुरते.

अब्बा १९९६ साली वारले. दुकान त्यांच्या शागिर्दानं घेतलं. तो समुद्रपूरकडचा, कुणब्याचा मुलगा. बारा वर्षांचा असताना आला होता आणि अब्बांच्या जनाज्याला त्यानं खांदा दिला. मला तो 'गुरुजी' म्हणतो.

२०२३च्या एप्रिलमध्ये माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, माझ्याकडे आला. त्याच्याकडे जुना दहाचाकी ट्रक आहे. आदल्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला होता आणि तो येळाकेळीला चढून औरंगाबादकडे माल नेऊ लागला होता. म्हणाला, "मामू, रस्ता मक्खन है, लेकिन दोनों तरफ कुंपण. टायर बैठा तो बैठे रहो." जाम चौरस्त्यासारखं दर दोन कोसांवर दुकान तिथं नाही. म्हणून त्याला ट्रकच्या चेसीखाली एक जादा टाकी बसवायची होती. स्टेपनी बदलली की तिच्यात हवा भरता आली पाहिजे, आणि जमलं तर प्रेशर हॉर्नही. हिंगणघाटचा एक वेल्डर पाच मिलिमीटरच्या पत्र्याची शंभर लिटरची टाकी करून द्यायला तयार होता, नव्या टाकीच्या निम्म्या पैशात. हवा ब्रेकच्या टाकीतून साधा 'टी' मारून घ्यायची. त्यानं मोबाइलवर नमुना दाखवला. दोन्ही बाजूंना सपाट झाकण.

मी कागद घेऊन वरचं गणित त्याला करून दाखवलं. तो बी.कॉम. आहे, गणित त्याला पटलं, पण वेल्डरच्या अशा पंधरा-वीस टाक्या रस्त्यावर धावताहेत हे त्याचं म्हणणं. यावर मास्तराचं काय चालणार? त्याला घेऊन मी जामला गेलो. शागिर्दानं नमुना पाहिला आणि दोन वाक्यांत सांगितलं, "सपाट पत्रा श्वास घेते ना बाबू. हवा भरली का फुगते, सोडली का बसते, रोज पन्नास डाव. तार वाकवून वाकवून तोडतो तसं वेल्डिंग तुटते." मला वीस वर्षं शिकवून असं सांगता आलं नव्हतं.

ब्रेकच्या 'टी'वर तर तो चिडलाच. जादा टाकी ब्रेकच्या टाकीलाच जोडली आणि तिची नळी रस्त्यात तुटली, तर ब्रेकची हवाही तिकडूनच जाणार. मागची चाकं ऐन वेगात जखडतील, पुढचा ब्रेक लागणार नाही. ट्रकमध्ये हवा वाटून देणारा एक प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो. एका वाटेची हवा गेली तर बाकीच्या वाटा तो बंद करून राखतो. जादा काम असेल तर ब्रेक सोडून जी वेगळी वाट असते तिच्यावरून, या व्हॉल्व्हच्या पुढून घ्यायचं. टाकी कंपनीची ब्रेकटाकीच घ्यायची, जिच्यावर दाब कोरलेला असतो. पट्ट्यांखाली रबर घालून आवळायची, चेसीला वेल्डिंग करायची नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा, खाली कॉक. ट्रकची हवा आठ किलोच्या आसपास थांबते, त्यामुळं दहाचाकीचा टायर पूर्ण भरणार नाही, थोडा उणा राहील, पण पुढच्या दुकानापर्यंत सावकाश जाता येईल. हॉर्नचं मी नको म्हटलं. १९८९च्या मोटार वाहन नियमांत कर्कश हॉर्नला मनाई आहे, आणि आपल्या पोरांच्या गाड्या पोलिसांना आधीच लवकर दिसतात.

भाचा ऐकून घेत होता. मग त्यानं कोपऱ्याकडे बोट केलं. "और ये? ये भी तो घर की है."

कोपऱ्यात अब्बांची टाकी होती. निळा रंग दिलेला, वर ७८६ आणि शेजारी गणपतीचा स्टिकर. ती तेव्हाही रोज आठ-नऊ किलोवर चालत होती.

शागिर्द हसला. "उस्तादच्या हातची हाय ते. तिले काय होते?"

"पाणी कब पिलाया था?"

शागिर्द काही बोलला नाही. टाकीच्या पायाला एक लोखंडी पट्टी आहे. टाकीच्या अंगावर काही ठोकायचं नाही, म्हणून अब्बा दर वर्षी पाणी पाजून झालं की या पट्टीवर पंचनं साल ठोकून घेत. आकडा काढता येत नसे, खडूनं मी लिहून देई आणि त्यावर टिंबं ठोकली जात. ८३, ८४, ८५ अशी ती ओळ ९५ ला थांबलेली. पंच धरायचा तो शागिर्दच. पुढं पंपाचा वायसर गेला, जुना फिटर गेला, आणि उस्तादची टाकी आहे या विश्वासावर अठ्ठावीस वर्षं निघाली.

भाचा म्हणाला, "नानाजान को अपने हाथ पे इतना भरोसा होता तो हर साल क्यों ठोकते?"

शागिर्दाला ते लागलं. त्या दिवशी आम्ही चहा पिऊन परत आलो. मी काही बोललो नाही. बापाच्या हातच्या वस्तूवर शंका घ्यायची आणि तीही जो माणूस बापाला माझ्याहून जास्त मानतो त्याच्यासमोर, हे मला अवघड होतं. आठ दिवसांनी त्याचाच फोन आला. "गुरुजी, नळफिटिंगवाल्याकडून पंप आणला. तुम्ही या."

आम्ही दोघंही गेलो. दुकानासमोर पाटी लावली होती, 'आज हवा बंद'. टाकी कॉम्प्रेसरपासून तोडून दोन दगडांवर ठेवली होती. आता बोअर आहे, पाण्याची कटकट नव्हती. वरच्या भोकातून पाणी वाहेपर्यंत भरलं, ठोकून ठोकून बुडबुडे काढले, बूच लावलं. शागिर्द स्वतः पंपावर बसला. पाच, सहा, सात. प्रत्येक किलोला थांबून भाचा फडक्यानं वेल्डिंग पुसून बघत होता. डिशचे दोन्ही जोड कोरडे ठणठणीत. आठ. नऊला खालच्या कॉकजवळ टाकीला घाम आल्यासारखं दिसलं. पुसलं, पुन्हा आलं. शागिर्दानं आणखी दोन हात मारले आणि दहाला तिथून सुतासारखी बारीक धार निघाली. आवाज नाही, काही नाही. काटा हळूहळू खाली आला.

शागिर्द पंपाचा दांडा धरून तसाच उकिडवा बसून राहिला. एक तामिळी ट्रक येऊन थांबला, ड्रायव्हरनं विचारलं, "हवा है?" कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हा तो पाटी वाचून गेला.

दोन दिवसांनी गॅसकटरनं टाकी कापली. वरच्या बाजूला पाइप अजून साडेसात मिलिमीटर होता. तळाला, जिथं पाणी बसत आलं होतं तिथं, दोन, आणि कॉकच्या शेजारी पापुद्र्यासारखा. अब्बांचं वेल्डिंग जसंच्या तसं होतं. शागिर्द ते पुन्हा पुन्हा बोटानं दाखवत होता. "पाहा गुरुजी, उस्तादचा टाका नाही सुटला." भंगारवाल्यानं तुकडे वजन करून नेले, शंभरावर किलो भरले. पायाची पट्टी शागिर्दानं काढून ठेवली होती.

नवी टाकी नागपूरहून आली, कंपनीची, पाटी लावलेली. भाच्याच्या ट्रकची टाकीही तिच्याबरोबरच आणली, तेवढंच भाडं वाचलं. शागिर्दानं पट्टी नव्या टाकीच्या स्टँडला दोन बोल्टांनी बसवली आणि मला खडू दिला. ९५ च्या पुढं थोडी जागा सोडून मी २३ लिहिलं. पंच त्याच्या मुलानं धरला. २४ आणि २५ ही आता त्यापुढं आहेत. पंप नळफिटिंगवाल्याकडून दर वेळी मागून आणावा लागतो, म्हणून एक स्वतःचा घ्यावा असं भाचा म्हणतो. शागिर्द म्हणतो, जुन्याचाच वायसर मिळतो का ते आधी पाहू.